इकालच्या नावाने गेलेला मेंढा

चिहवित्सच्या वस्तीत लोशाबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे तिच्या तोंडी लागायचं नाही, आणि दुसरी म्हणजे तिच्या मेंढ्यांची लोकर रंगवावी लागत नाही.

पहिलीचं सोडा. वस्तीतल्या निम्म्या बायकांची तोंडं तशीच आहेत, थंडीच्या डोंगरावर राहायचं तर जीभ गरम ठेवावीच लागते. दुसरी गोष्ट मात्र साधी नव्हती. आमच्या चामुला मुलखाच्या वरच्या अंगाच्या सगळ्या बायका काळा घागरा विणतात. पण काळी म्हणतात ती लोकर खरी करडीच, उन्हात धरली की तांबूस मारते. म्हणून ओढ्याकाठचा काळा चिखल आणायचा, पाला टाकून उकळायचा, त्यात लोकर दोन-दोनदा बुडवायची. एवढं करून तीन पावसाळ्यांत घागरा विटतो तो विटतोच. लोशाच्या मेंढ्यांना हे काही लागायचं नाही. त्यांची लोकर मुळातच काळी, चुलीच्या पाठभिंतीसारखी. वरचे केस वीतभर लांब आणि सरळ, खाली बोटभर मऊ. त्या लोकरीच्या घागऱ्यावर केसांच्या झुली अशा लोंबायच्या की चालताना बाई जमिनीवरून तरंगतेय असं वाटावं.

हे बीज तिच्या आईकडचं, आईला तिच्या आईकडून आलेलं. मेंढ्या तिथे बायकांच्याच. पुरुषाने मक्याचं बघावं, मेंढीत नाक खुपसू नये. सातव्या वर्षी मुलीच्या हातात एक कोकरू देतात आणि सांगतात, हिलाही तुझ्यासारखाच जीव आहे, हिला नाव ठेव. मेंढी कुणी कापत नाही, खात तर नाहीच नाही. देवळात आमचा संत सान हुआन स्वतः कोकरू कवेत घेऊन उभा आहे, त्याच्यासमोर कुणाची छाती होणार? मेंढी मेली तर तिला माणसासारखं पुरतात आणि माणसासारखंच रडतात.

लोशा नऊ वर्षांची असताना सरकारची माणसं ट्रक घेऊन आली होती. कश्लान, म्हणजे बाहेरचे, स्पॅनिश बोलणारे. म्हणाले, तुमच्या मेंढ्या खुरट्या आहेत, चांगला मेंढा देतो. तुमचा हा काळा आम्हाला द्या, लोकांना दाखवायला नेतो, मग परत आणून सोडतो. आईने दिला. भोळी होती बिचारी. बदल्यात आलेला थोराड पांढरा मेंढा पावसाळा लागताच खोकायला लागला आणि चौथ्या महिन्यात मेला. आपला काळा कधी येतो ते विचारायला आई लोशाला घेऊन चालत होबेल शहरात गेली. फाटकावरच्या माणसाने आधी ऐकून घेतलं. मग हसला आणि त्याने आपल्या पोटावरून हात फिरवला.

आई तिथेच रस्त्यावर बसली. बराच वेळ उठेचना. घरी परतताना वाटेत एकच वाक्य बोलली, "कश्लानाला मेंढा दाखवायचासुद्धा नाही." लोशाने ते वाक्य हाडांत मुरवून घेतलं.

पुढे लग्न झालं. नवऱ्याचं नाव लोल. तो समुद्रकिनाऱ्यावरच्या कॉफीमळ्यात कामाला गेला, तिथून उत्तरेला गेला आणि तिकडचाच झाला. त्याची बहीण मातल मात्र शेजारी होती, ती शेजारीच राहिली. "भाऊ माझा नालायक," ती चारचौघांत सांगायची, "पण त्याने आणलेली वहिनी चांगली निघाली. तो गेला तर गेला, वहिनी मी ठेवून घेतली." दोघींनी कामं वाटून घेतली होती. लोशाने मेंढ्या पाळायच्या, कातरायच्या, धुवायच्या. मातलने पिंजायचं, चातीवर कातायचं, कमरेला माग बांधून विणायचं. चाळीस वर्षं असं चाललं. दोघी दिवसातून चार वेळा भांडायच्या आणि पाचव्या वेळेला एकाच ताटातल्या मक्याच्या टॉर्टिया मोडायच्या.

तोवर इतर घरांतलं जुनं बीज पातळ होत गेलं होतं. सरकारी पांढरे मेंढे मध्येमध्ये वाटले जातच होते. मेंढा चार महिन्यांत मरायचा, पण मरण्याआधी आपलं काम करून जायचा. लोशाच्या कुंपणातही एकदा तसला एक घुसला, आणि तिच्या सगळ्यात चांगल्या मेंढीला कॉफीच्या रंगाचं कोकरू झालं. त्याचं नाव कापे. चेहरा आईचा, शिंगं आईची, स्वभाव तर मेणासारखा. लोकर तेवढी आखूड आणि कुरळी, पिंजायला घेतली की गोळा व्हायची. मातल त्याला बघून नाक मुरडायची, "ह्याच्या लोकरीची उशी कर फार तर." त्याच मेंढीला दोन वर्षांनी जुन्या बीजाचा मेंढा झाला. तो इकाल. इकाल म्हणजे काळा, दुसरं नाव शोभलंच नसतं. त्याचा बाप म्हातारा होऊन मेला, आणि आईकडून आलेलं ते बीज इकाल एकट्याच्या अंगावर राहिलं.

एल्विरा डॉक्टरीण वस्तीत यायला लागली ती ह्याच सुमारास. होबेलजवळच्या मेंढीकेंद्रात ती जनावरांची डॉक्टर. बाई कश्लानच, पण वेगळी. मेंढ्या सुधारते म्हणाली नाही. चांगली लोकर कशी ओळखायची ते मला शिकवा, म्हणाली. आमची बोलीही शिकली, मोडकीतोडकी. त्या बोलीत लोकर आणि वटवाघूळ हे शब्द चुलतभाऊ आहेत, जीभ जराशी घसरली की घोटाळा. पहिल्याच दिवशी ती सगळ्या बायकांसमोर लोशाला आदराने म्हणाली, "बाई, तुमची वटवाघळं फार सुंदर आहेत." मातल हसून हसून कुंपणाला टेकली. त्या दिवसापासून एल्विराला वस्तीत कुणी परकं मानलं नाही. लोशाने मानलं.

दोन वर्षांनी एल्विरा एक मागणं घेऊन आली. चुलीपाशी बसून तिने नीट समजावून सांगितलं. म्हणाली, जगात सगळीकडे जुन्या जातींची जनावरं संपत चालली आहेत, म्हणून देशादेशांनी मिळून ठरवलंय की त्यांचं बीज राखायचं. मेंढ्याचं बीज बारीक नळ्यांत भरून, गोठवून ठेवता येतं, पन्नास वर्षं टिकतं. अर्धा वाटा इथे आमच्या केंद्रात राहील, अर्धा समुद्रापलीकडे स्पेनमध्ये. एकीकडचं गेलं तर दुसरीकडचं उरतं. आणि ठेव तुमच्या नावाची, तुम्ही मागाल तेव्हा परत. त्यासाठी इकालला तीन आठवडे न्यावं लागेल.

"स्पेनमध्येच का?" मातलने विचारलं.

"तुमच्या मेंढ्यांचे पूर्वज पाचशे वर्षांपूर्वी तिकडूनच आले होते."

"मग काय, माहेरी चाललाय म्हण की," मातल म्हणाली. "दे वहिनी, दे. ही बाई तसली नाही."

लोशाने मान हलवली. तोंडाने हो म्हणाली. पण तिच्या डोळ्यांपुढे एक हात एका पोटावरून फिरत होता.

मातल तीन दिवसांसाठी बाजाराला गेली तेव्हा लोशाने इकालला डोंगरापलीकडे मावशीकडे नेऊन बांधला. मावशी अर्धी बहिरी, तिने काही विचारलं नाही. मग लोशाने ओढ्यावरून चिखल आणला, पाला घालून उकळला, कोमट होऊ दिला. कापेला अगदी कातडीपर्यंत कातरला, म्हणजे केस कुरळे की सरळ हा प्रश्नच नको. आणि घागऱ्याला लावतात तो रंग जिवंत मेंढ्याच्या अंगाला चोळून बसवला, एकदा नाही, दोनदा. कापे गरीब गायीसारखा उभा होता. मधूनच तिचा कोपर चाटत होता. असली अक्कल आमच्याच बाईला सुचावी. काळं करणं हा आमचा जन्माचा धंदा.

मातल परतायच्या आतच एल्विराचा ट्रक आला. तिने मेंढ्याच्या अंगावरून हात फिरवला. "कातरून का ठेवलात?"

"कातरायचे दिवस आहेत."

"मातीचा वास येतोय ह्याला."

"मेंढा आहे. अत्तराचा येणार का?"

एल्विरा हसली. लोकरीचा नमुना हवा होता, तो लोशाने खराखुरा दिला, इकालच्या पाठीवरचा मूठभर झुपका. केंद्रात रक्त घेतलं, पण त्याची तपासणी पुढे कधीतरी, सोय झाली की, म्हणून राहिली. नळ्या भरल्या, गोठवल्या, निम्म्या स्पेनला गेल्या. कागदावर इकालचं नाव, खाली लोशाचा अंगठा. तीन आठवड्यांनी कापे धडधाकट परत आला, थोडा जाडच होऊन. कुणीही त्याला खाल्लं नव्हतं. लोशाने त्याला मावशीकडे नेऊन सोडला आणि इकालला घरी आणला. मातलला आधीच सांगून ठेवलं होतं, कापे मावशीला दिला. दोन दिवस ती चूल फुंकताना एकटीच हसत होती. कश्लानाला आयुष्यात कुणी टोपी घातली असेल तर ती मी, असं तिला वाटत होतं. आईचा सूड घेतल्यासारखं वाटत होतं.

दीड वर्षाने कुत्री आली.

शहराचा कचरा वरच्या दरीत टाकायला लागल्यापासून तिथे मोकाट कुत्र्यांची टोळी माजली होती. भर सकाळी धुक्यात त्यांनी कळप गाठला. लोशा काठी घेऊन धावली, दोन कुत्र्यांची कंबर मोडली. पण ती एक आणि कुत्री अकरा. इकाल पळाला नाही. मेंढ्या मागे घेऊन शिंगं रोखून उभा राहिला, आणि पहिला तोच पडला. सात मेंढ्या मेल्या. उरल्या त्या तीन, तिघी त्याच्याच रक्ताच्या, पण तिघींचेही दात झिजायला लागलेले.

लोशाने त्याला पुरला आणि खड्ड्याच्या काठावर पालथी पडून रडली. वस्तीतल्या सगळ्या बायका आल्या. मातलने तिला मागून मिठी मारली आणि म्हणाली, "रडू नको गं वहिनी. आपला इकाल बर्फात आहे. तू दिलास म्हणून वाचला. नाहीतर आज काय केलं असतंस?"

लोशाचं रडू एकदम बंद झालं. बायकांना वाटलं, धीर आला. अहो, कसला धीर? तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मातल इतक्या विश्वासाने पाठ थोपटत होती, की ते तोंड तसंच मिटलं.

आणि एकदा मिटलेलं तोंड पुढच्या वेळेला उघडायला दुप्पट जोर लागतो. मातलच्या गोठ्यात इकालचा एक पोरगा होता. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून त्याची किंमत नव्हती, पण रक्त निम्मं इकालचंच. लोकर लांब, सरळ. मातलचा एक चुलतभाऊ खालच्या गरम मुलखात नव्या वसाहतीवर राहायला निघाला होता, त्याने मेंढा मागितला. "घेऊन जा," मातल म्हणाली. "खरा बर्फात ठेवलाय, हा ठिपक्या कशाला सांभाळू?" लोशा शेजारीच उभी होती. नको देऊस, हे दोन शब्द तिच्या ओठांवर आले. पण का नको, असं मातल विचारणारच. मेंढा ट्रकमध्ये चढत नव्हता, तर चुलतभावाने लोशाकडे बघितलं, आणि लोशाने मागून रेटा दिला. गरम मुलखात तो तीन महिनेही जगला नाही. ती बातमी आली त्या दिवशी लोशा रात्रीचं जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

पुढच्या वर्षी रस्ते अडवले गेले. आमच्याकडे सरकारवर राग आला की रस्त्यावर दगड रचतात, त्यात नवीन काही नाही. पण त्या वेळेला अठरा दिवस अडवले, आणि नळ्या ठेवलेल्या केंद्राच्या टाकीत ओतायचा, बीज गोठलेलं ठेवणारा नायट्रोजन घेऊन येणारी गाडी त्या दगडांपलीकडे अडकली. दगडांवर बसलेल्यांत मातलचा मुलगाही होता. त्याला काय माहीत? टाकी कोरडी पडली, आतलं सगळं विरघळलं. एल्विरा वस्तीत आली ती रडतच. लोशाच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "बाई, माझ्याच्याने राखलं गेलं नाही."

खोटं कशाला सांगू, लोशाला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. गेलं एकदाचं. खोटंही त्याच टाकीत विरघळलं, आता कुणाला काही कळायचं नाही. तिने एल्विराच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला. तेवढ्यात एल्विरा डोळे पुसून म्हणाली, "पण म्हणूनच तर दुसरा वाटा समुद्रापलीकडे ठेवला होता. तो शाबूत आहे. मी आजच पत्र पाठवलंय. आपण इकालला परत आणू."

बीज परत यायला चौदा महिने लागले. दोन देशांची खाती, रोग नसल्याचे दाखले, शिक्के, पुन्हा शिक्के. तिकडच्या लोकांचं मन मोठं. ह्या चिमूटभर वस्तीतल्या तीन म्हाताऱ्या मेंढ्यांसाठी कुणी अनोळखी माणूस तिकडे स्पेनमध्ये कचेऱ्या झिजवत होता. एल्विरा दर पंधरा दिवसांनी येऊन सांगायची, अमका कागद झाला, तमका राहिला. लोशा दर वेळेला मान हलवायची.

त्याच चौदा महिन्यांत मातल खंगली. साखरेचा आजार. आधी पायाचं एक बोट कापलं, मग दुसरं. मग डोळ्यांपुढे धुकं आलं. होबेलच्या डॉक्टरने तिच्या मुलीला, पाश्कूला, बाजूला घेऊन सांगितलं, एक वर्ष, फार तर. पाश्कूने ते लोशाला सांगितलं. पण मातल वर्षाला दाद देईना.

"मला एकच घागरा विणायचाय," ती म्हणायची. "जन्मभर दुसऱ्यांसाठी विणले. मला पुरताना नेसवायचा घागरा, इकालच्या पोराच्या लोकरीचा. तो विणून झाला की मरायला मोकळी. तोवर मरणाला सांगा, बाई कामात आहे."

एकदा लोशाने आपला स्वतःचा घागरा, इकालच्या लोकरीचा, मातलनेच विणून दिलेला, तिच्या मांडीवर ठेवला. मातलने तो चाचपला आणि ढकलून दिला. "हा तुझा आहे. दुसरीचा घागरा नेसून वर गेले तर तिकडे मला सगळे लोशा म्हणतील. नको बाई, तुझी भांडणं मला निस्तरावी लागतील."

दर महिन्याला दोघी सान हुआनच्या देवळात जायच्या. फरशीवर पाइन झाडाची सुईसारखी पानं पसरलेली, त्यात मेणबत्त्या चिकटवून मातल मोठ्याने मागायची, माझा इकाल सुखरूप येऊ दे. लोशा शेजारी गुडघ्यांवर बसायची. तिला सांगायचं असायचं. प्रत्येक वेळेला घरून ठरवूनच निघायची. पण मातलचा चेहरा त्या उजेडात बघितला की वाटायचं, हिचा श्वास ह्या एका वाटेवरच तर चाललाय. ती वाट मी कशी मोडू? आणि हेही खरं की ती भ्यायली होती. दोन्ही खरं होतं. कुठलं किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नळ्या आल्या. एल्विराने तीनही मेंढ्यांना बीज भरलं. म्हाताऱ्या मेंढ्या, दोघींना राहिलंच नाही. एकीला राहिलं. पाच महिने वस्तीने तिला राणीसारखी वागवली. आणि कोकरू झालं ते काळंकुळीत.

सगळी वस्ती जमली. पोश, म्हणजे आमची घरची दारू, वाटली गेली. एल्विराने स्पेनला फोन लावला आणि तिकडचा कुणी माणूस फोनवर ओरडताना सगळ्यांना ऐकू आला. मातल खाटेवरून विचारत होती, काळा ना? नीट बघा, काळाच ना? आणि लोशा, जिला सगळं ठाऊक होतं, ती लोशाही त्या ओल्या काळ्या पिलाकडे बघून वेड्यासारखी आशा करायला लागली. सान हुआनला काय अशक्य आहे? आई तर काळीच आहे. इकालची आणि कापेची आईही एकच. एवढ्या मेणबत्त्या जळल्या, त्याने मनावर घेतलं असेल. पाच आठवडे ती तशीच जगली. हे पाच आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते, असं ती मागाहून म्हणायची. आधीचं पाप निदान डोळे उघडे ठेवून केलेलं होतं.

सहाव्या आठवड्यात कोकराच्या मानेवर कॉफीचा रंग दिसायला लागला. मग पाठीवर. केस वळायला लागले.

मातल रोज कोकरू मागायची. आज झोपलंय, आज चरायला गेलंय, आज पाय दुखतोय त्याचा, असं लोशा टोलवत राहिली. शेवटी एक दिवस मातल काठी टेकत, कुंपण चाचपत स्वतःच आली, उन्हात बसली आणि म्हणाली, "आण."

लोशाने आणलं. मातलची बोटं कोकराच्या पाठीवरून गेली, पोटाखाली गेली, परत मानेशी आली. तिथे थांबली.

"ही कुरळी आहे, वहिनी."

"लहान आहे अजून."

"चाळीस वर्षं मी तुझ्या घरची लोकर पिंजतेय. डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली." मातलने केसांची एक बट दोन बोटांत ओढली, सोडली. "ही कापेची आहे."

मग लोशाने सांगितलं. चिखल, मावशी, ट्रक, सगळं. पोटावरून फिरलेला तो हातही सांगितला. मातल मध्ये एकदाही बोलली नाही. मातल बोलत नाही म्हणजे काय, हे लोशाने चाळीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी ठिपक्याला दिला नसता."

"हो."

"तू ट्रकपाशी होतीस."

"होते."

"मी चौदा महिने देवाकडे कापेला मागत होते? तू शेजारी बसून ऐकत होतीस?"

"तू वाट बघत होतीस म्हणून जगत होतीस, मातल. डॉक्टरने वर्ष सांगितलं होतं. तुझी वाट मोडायला माझं धाडस झालं नाही."

मातलने कोकरू मांडीवरून हळूच खाली उतरवलं. कोकराचा काय दोष? "मग आता कशाची बघू?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी लोशा केंद्रात गेली आणि एल्विरासमोर उभ्याउभ्या सगळं बोलून टाकलं. एल्विरा खुर्चीत बसली. मग म्हणाली, "रक्त आम्ही तपासायला हवं होतं." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. कागदावरचं इकालचं नाव खोडायला तिने लेखणी उचलली, तेव्हा लोशा म्हणाली, "तिथे कापे लिहा. समुद्र ओलांडून जाऊन आला तो, आणि त्याला त्याच्या नावाने कुणी हाकच मारली नाही." एल्विराने लिहिलं. इकालच्या बीजाच्या रकान्यात मात्र तिला ‘नष्ट’ असं लिहावं लागलं.

मातल त्यानंतर एकोणीस दिवस जगली. दोघी बोलत होत्या, नाही असं नाही. पाणी दे, उशी सरकव, पाऊस येणार वाटतं. भांडण एकही झालं नाही. लोशा मुद्दाम काहीतरी खुसपट काढून बघायची, पण मातल "असू दे" म्हणायची. चुलीला लाकडं ओली आणलीस म्हणून ती एकदा जरी कडाडली असती ना, तरी लोशा त्या लाकडांच्या पाया पडली असती.

विसाव्या दिवशी सकाळी पाश्कूचं रडणं ऐकू आलं. लोशा उठली, आपला घागरा काढला, ओढ्यावर साबणकंदाने धुतला, वाऱ्यावर झटकला. दुसरा जुना विटका घागरा नेसून, हा दोन्ही हातांवर आडवा घेऊन ती शेजारच्या घरी गेली. बायका मातलला न्हाऊ घालत होत्या. भिंतीशी बाजारातून आणलेला घागरा ठेवला होता, नकली केसांचा, चकाकणारा, दोन पावसांत झडणारा.

"हा नेसव," लोशा पाश्कूला म्हणाली.

पाश्कूने घागऱ्याकडे बघितलं, लोशाकडे बघितलं, आणि तिचे डोळे पुन्हा भरले. "मामी, आईने सांगून ठेवलंय. म्हणाली, लोशा घागरा घेऊन येईल. घेऊ नकोस. आता तसली लोकर पुन्हा व्हायची नाही. तिला पुरतील तेव्हा तो तिचा तिलाच लागेल."

"रागाने म्हणाली?"

"नाही हो. साधंच म्हणाली."

मग बायकांनी मातलला तो बाजारचा घागरा नेसवला, आणि गाठ नीट बसेना म्हणून लोशानेच पुढे होऊन ती बांधली.